जमिनीखालचा हायड्रोजन इतकी वर्षं दिसला कसा नाही?

सध्या जमिनीखालच्या नैसर्गिक हायड्रोजनबद्दल बरंच वाचायला मिळतंय, कुणी म्हणतं घबाड सापडलं, कुणी म्हणतं नुसत्या हवेतल्या गप्पा. त्यामुळे थोडं मागचं लिहितोय, कारण ते माहीत नसेल तर कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हेच कळत नाही.

आपल्या मुंबईला हायड्रोजन नवा नाही. माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यातल्या रिफायनऱ्यांना डिझेलमधलं गंधक काढायला तो लागतो, खतासाठी अमोनिया बनवायचा तरी लागतो. जगात वर्षाला साधारण साडेनऊ कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि तो जवळपास सगळा नॅचरल गॅस नाहीतर कोळशापासून बनवतात. गॅसपासून एक किलो बनवताना ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जाळल्यावर धूर नाही, पण बनवतानाच सगळा धूर होऊन गेलेला असतो. पाण्यातून विजेने काढायचा तर वीज प्रचंड लागते, म्हणून तो महाग. आणि हाच गॅस जमिनीत आयता तयार होत असेल तर? प्रश्न एवढाच आहे, पण फार मोठा आहे.

तयार होतो हे तर नक्की. ऑलिव्हीन नावाचं लोहयुक्त खनिज भरपूर असलेल्या खडकात खोलवर गरम पाणी शिरलं की त्यातलं लोखंड गंजल्यासारखं पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो. शिवाय युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गानेही पाणी फुटून थोडा सुटतो. तुर्कस्तानात यानार्ताश नावाच्या डोंगरावर खडकातून येणाऱ्या ज्वाळा हजारो वर्षं जळतायत, त्या गॅसमध्ये मिथेनबरोबर हायड्रोजनही आहे. १८८८ मध्ये मेंडेलीव्हने, हो तोच आवर्त सारणीवाला, युक्रेनमधल्या कोळशाच्या खाणीतल्या फटींतून येणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजनची नोंद केली होती. १९३१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात यॉर्क द्वीपकल्पावर तेलासाठी बोअर मारला, त्यातल्या गॅसमध्ये ७५ टक्क्यांच्या वर हायड्रोजन निघाला. तेल नाही ना, मग सोडून दिलं. कागद मात्र राहिले.

आणि मग पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८७ मध्ये बुराकेबुगू गावात पाण्यासाठी बोअर मारत होते, १०८ मीटर खाली गेले तरी पाणी लागलं नाही, उलट भोकातून वारा यायला लागला. एकजण तोंडात सिगारेट घेऊन आत डोकावला आणि भडका उडाला, तो भाजला, आग विझवायला कितीतरी दिवस लागले, शेवटी बोअर बुजवूनच टाकला. गावात त्याची भीतीच बसली. पुढे अलिऊ दियालो या मालीच्याच उद्योजकाने तिथले हक्क घेतले, बोअर पुन्हा उघडून गॅस तपासला तर ९८ टक्के हायड्रोजन! २०१२ मध्ये त्यावर छोटा जनरेटर लावून गावात वीज दिली, आणि नंतर कित्येक वर्षं गॅसचा दाब घटला नाही. दाब टिकला म्हणजे खाली गॅस नव्याने भरत असावा, म्हणूनच भूशास्त्रज्ञ जागे झाले, असं माझं मत.

मग आधी का नाही दिसला? तेलवाले गाळाच्या खडकात शोधतात, हायड्रोजन बनतो तो वेगळ्याच खडकात. दुसरं म्हणजे गॅस तपासायच्या मशीनमध्ये बऱ्याचदा हायड्रोजनच वाहक गॅस, म्हणजे नमुना पुढे ढकलणारा गॅस म्हणून वापरायचे, मग नमुन्यातला हायड्रोजन दिसणार कसा. वर येतायेता जीवाणूही तो खाऊन टाकतात.

आता शोध मुद्दाम होतोय. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये नियम बदलून हायड्रोजनच्या शोधाला परवाने खुले केले आणि १९३१ च्या त्याच जागेजवळ २०२३ मध्ये नवे बोअर झाले. फ्रान्समध्ये लॉरेनला मिथेन शोधताना हायड्रोजन मिळाला. अल्बानियातल्या बुल्किझच्या क्रोमाईट खाणीतून वर्षाला किमान २०० टन बाहेर पडतो, असं २०२४ च्या अभ्यासात आलं, आणि त्या खाणीत आधी स्फोटही झालेत.

त्याच वर्षी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की जमिनीखाली सुमारे ५.६ लाख कोटी टन हायड्रोजन असू शकतो. बातम्यांनी हाच आकडा उचलला. पण तो मॉडेलचा अंदाज आहे, त्यातला बहुतेक फार खोल, फार विखुरलेला किंवा समुद्राखाली, काढताच न येणारा. २ टक्के जरी हाती लागला तरी दोनेकशे वर्षांची गरज भागेल असं तेच म्हणतात. मालीतलं एक गाव सोडलं तर तो रोजच्या वापरात अजून कुठे फारसा आलेला नाही, हेही तेवढंच खरं.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, पण ते हायड्रोजन बनवण्यासाठी, जमिनीत शोधण्यासाठी नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये लोखंड आहे, पण खरे योग्य, ऑलिव्हीनने भरलेले खडक लडाख, नागालँड-मणिपूर आणि अंदमानात आहेत. तिथे नवे बोअर मारायला पैसा आणि वेळ लागेल, मान्य. पण देशभर तेल, कोळसा, पाणी, खनिजं यांसाठी आजवर असंख्य बोअर मारले गेलेत, त्यांच्या नोंदी सरकारी कपाटांत पडून आहेत. ऑस्ट्रेलियाला जुन्या कागदातूनच जागा कळली ना, मग आपणही आधी ती कपाटं उघडावीत, त्याला ड्रिलिंग मशीन लागत नाही.