रक्ताला न दुखावता
मनगटावर बोटं ठेवली तर नाडी लागत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ओळखीच्या ठोक्यांऐवजी एक बारीक, अखंड गुणगुण ऐकू येते. आणि तो माणूस समोर बसून गप्पा मारत असतो. खचलेल्या हृदयाला पंपाचा आधार दिलेल्या रुग्णांमध्ये हे अनेकदा दिसतं. त्यांचा रक्तदाब घ्यायलाही नर्स डॉप्लरचा प्रोब, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं उपकरण, हाताच्या धमनीवर धरते, फुगवलेला पट्टा सैल करत जाते आणि रक्त पुन्हा वाहू लागल्याचा आवाज कधी येतो याकडे कान लावून बसते.

निरोगी हृदय आरामात असतानाही मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. एवढं पाणी खेचणारा पंप कुणीही जोडून देईल. पण रक्त म्हणजे पाणी नव्हे. तांबडी पेशी जेमतेम 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीची, मऊ चकतीसारखी. ती फार ओढली-ताणली गेली की फुटते, आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. बरं, म्हणून रक्त हळूहळू फिरवावं, तर जिथे ते रेंगाळतं तिथे गुठळी धरते, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. पंपाची रचना करणाऱ्याला या दोन संकटांच्या मधूनच वाट काढावी लागते.

सुरुवातीला सगळ्यांनी हृदयाचीच नक्कल केली. 1966 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला मायकल डिबेकी या शल्यचिकित्सकांनी एका स्त्रीच्या हृदयाला असा ठोके देणारा पंप जोडला. दहा दिवसांनी तिचं स्वतःचं हृदय सावरलं आणि पंप काढता आला. पुढे असे पंप शरीराच्या आत बसू लागले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, प्रत्यारोपण शक्य नसलेल्या रुग्णांपैकी पंप बसवलेले 52 टक्के वर्षभरानंतर जिवंत होते. नुसत्या औषधांवर असलेले 25 टक्के. पण हृदय वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा धडधडतं. तितक्या वेळा हलणारा पडदा आणि उघडझाप करणाऱ्या झडपा झिजणारच. शिवाय ते यंत्र किलोभराहून जड होतं.

वाट बदलली ती ठोक्याचाच हट्ट सोडल्यामुळे. रिचर्ड वॉम्प्लर या डॉक्टरांनी 1976 मध्ये इजिप्तच्या एका खेड्यात लोक आर्किमिडीजच्या स्क्रूने, म्हणजे नळीत फिरणाऱ्या मळसूत्राने, पाणी वर चढवताना पाहिलं, आणि रक्तही असंच चढवता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांचा पंप इतका बारीक होता की तो मांडीच्या धमनीतून वर सरकवून हृदयापर्यंत नेता येई. मिनिटाला सुमारे 25,000 फेरे! यात रक्ताचा चुराडा होईल अशी भीती होती. तसं झालं नाही, कारण पेशीला ताण किती बसतो याच्याइतकंच तो किती वेळ बसतो यालाही महत्त्व असतं. पात्यांमधून ती क्षणार्धात पार होते. 1988 मध्ये हा पंप माणसात वापरला गेला. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर शोध वाटतो.

त्यानंतर फिरत्या पात्यांचे पंप वर्षानुवर्षं शरीरात राहू लागले, आणि नवं दुखणं समोर आलं ते बेअरिंगचं. फिरता भाग जिथे टेकतो तिथे उष्णता, घर्षण, आणि म्हणून गुठळी. हार्टमेट 3 या पंपात पातं कशालाच टेकत नाही. चुंबकांच्या जोरावर ते रक्तात तरंगत फिरतं. त्याच्या भोवतीची फट अर्धा ते एक मिलिमीटरची, म्हणजे तांबड्या पेशीच्या साठपटीहून रुंद, त्यामुळे पेशी न घासता निघून जातात. दर दोन सेकंदांनी पात्याचा वेग मुद्दाम कमी-जास्त केला जातो. त्या हेलकाव्याने कानाकोपऱ्यात साचलेलं रक्त धुऊन निघतं. सोडलेला ठोका असा थोडासा परत आणावा लागला!

पंपात गुठळी होणं यामुळे फार कमी झालं. रक्तस्राव मात्र अजून पुरता आटोक्यात नाही. रक्त थांबवायला मदत करणारं फॉन विलेब्रांड नावाचं एक लांबलचक प्रथिन गुंडाळीसारखं असतं. पात्यांजवळच्या ओढाताणीत ते उलगडतं, आणि उलगडलं की शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. मग आतड्यातून रक्त जाऊ लागतं. गुठळी होऊ नये म्हणून रुग्ण रक्त पातळ करणारं औषध घेतच असतो, त्यामुळे डॉक्टरांची फार कोंडी होते.

आणि ती वायर. पंपाला वीज हवी, म्हणून पोटाच्या त्वचेतून एक वायर कायमची बाहेर आलेली असते. तिथली जखम रोज जपावी लागते, कारण जंतूंना आत शिरायला तेवढी जागा पुरते. त्वचेला छेद न देता वीज आत पोचवण्याचे प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत. तोवर रुग्ण दोन बॅटऱ्या अंगावर बाळगतो आणि त्या बदलताना, घरच्यांनी शंभरदा बजावल्याप्रमाणे, एक काढून तिच्या जागी भरलेली लावल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही.