जंतूची भिंत जाड होते तेव्हा

मागच्या वर्षी घरातलं एक माणूस आयसीयूत होतं. पहिल्या कल्चर रिपोर्टमध्ये एका अँटिबायोटिकपुढे ‘एस’ लिहिलं होतं, म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देतो. तीन आठवड्यांनी त्याच ओळीत ‘आर’ आलं. बाहेर बाकावर बसलेल्या एक काकू म्हणाल्या, “अंगाला औषधाची सवय झाली हो.” असंच बहुतेकांना वाटतं, पण अंगाला सवय होत नाही. बदलतो तो जंतू, आणि एका रुग्णाच्या शरीरातच तो बदलू शकतो.

2000 साली अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या बाबतीत हे अक्षरशः अक्षर न् अक्षर वाचता आलं. जन्मापासून हृदयात दोष, त्यात हृदयाच्या आतल्या अस्तराला स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा संसर्ग. सुमारे तीन महिने व्हँकोमायसिन, रिफॅम्पिसिन अशी अँटिबायोटिक्स चालू होती, पण संसर्ग हटेना. वेळोवेळी रक्तातून मिळालेले जंतू डॉक्टरांनी जपून ठेवले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अलेक्झांडर टोमाझ यांच्या गटाने त्यांचा जनुकसंच वाचून 2007 मध्ये प्रसिद्ध केला. डीएनएच्या सुमारे 28 लाख अक्षरांपैकी फक्त 35 जागी फरक होता. तेवढ्यावर जंतूला रोखायला लागणारं व्हँकोमायसिन आठपट झालं होतं.

35 बदल इतक्या लवकर कसे जमले? प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरी तीन येऊ शकतात, म्हणजे एका अक्षराच्या चुका एकूण 84 लाख प्रकारच्या. हो, चौऱ्याऐंशी लक्ष! हृदयाच्या झडपेवर साचलेल्या एक ग्रॅम गाठीत शंभर कोटी जंतू सहज असतात. विभागताना हजारात एकाकडून चूक झाली, तरी एका पिढीत दहा लाख नवे नमुने तयार होतात. म्हणजे काही दिवसांतच जवळपास प्रत्येक चूक एकदा तरी होऊन जाते. औषध नवा जंतू घडवत नाही. ते बाकीचे मारतं आणि ज्याची चूक त्याला औषधापासून वाचवते, त्या एकाला रान मोकळं करून देतं.

आता भिंतीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. जंतूच्या भिंतीच्या प्रत्येक नव्या विटेला पाच अमिनो आम्लांची शेपटी असते. शेवटची दोन म्हणजे डी-अॅलानिन. व्हँकोमायसिनचा रेणू नेमकी ही जोडी चिमट्यासारखी पकडतो, मग ती वीट भिंतीत बसवता येत नाही. पण नव्या विटा आतल्या बाजूला, पेशीच्या पडद्यालगत रचल्या जातात आणि औषध येतं बाहेरून. वाटेत जुन्या भिंतीचे सुमारे 20 थर, आणि त्यांतही तशाच न कापलेल्या शेपट्या लटकत असतात. औषध तिथेच अडकतं. अडकलेले रेणू मागून येणाऱ्यांची वाटही बुजवतात. भिंतीवर ताण आला की गजर वाजवून आणखी भिंत बांधायला लावणारी एक यंत्रणा जंतूत असते. या रुग्णातल्या जंतूत तिच्या एका जनुकात अगदी सुरुवातीलाच बदल झाला. जपानमध्ये 1996 साली सापडलेल्या, व्हँकोमायसिनला कमी दाद देणाऱ्या अशाच एका जंतूची भिंत तर नेहमीच्या जवळपास दुप्पट जाड होती.

एवढी भिंत बांधणं महाग पडतं, त्यामुळे असे जंतू सावकाश वाढतात. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशींपुढे असा सुस्त जंतू टिकणं अवघड. पण झडपेवरच्या गाठीत त्या पेशी नीट पोचतच नाहीत, आणि थकलेल्या शरीरात त्यांचा जोर आधीच कमी असू शकतो. नेमक्या याच वेळी व्हॉट्सॲपवर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे विकणारे येतात. आयसीयूतल्या माणसाच्या नातेवाइकांना लुटण्याचा हा धंदा आहे, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

अमेरिकेतल्या त्या रुग्णाला डॅप्टोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक कधीच दिलं नव्हतं. अमेरिकेत त्या औषधाला मंजुरीच मिळाली 2003 मध्ये. तरी 2000 सालच्या त्या जंतूंवर त्याचा जोर कमी पडत होता. याचं एक कारण बहुधा असं, की डॅप्टोमायसिनलाही पडद्यापर्यंत पोचायला तीच भिंत ओलांडावी लागते.