निळा उजेड, हिरवा उजेड

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीच्या आरतीला निरांजनावर कापूर पेटवायचं काम माझ्याकडे असतं. वडी ज्योतीला भिडवली की पेट घेते, बोटभर लांब धरली तर ढिम्म. पेशीतली दोन प्रथिनं एकमेकांना भिडली का, हे ओळखायची युक्ती साधारण अशीच, असं बायोकेमिस्ट्री शिकणारी माझी भाची सांगते. फक्त तिथे अंतर १० नॅनोमीटरच्या आतलं, आणि ज्योतही नाही. एक रेणू आपली ऊर्जा प्रकाश न टाकता परस्पर शेजाऱ्याला देतो. याचं गणित थिओडोर फोर्स्टर यांनी १९४०च्या दशकात मांडलं: अंतर दुप्पट झालं, की देण्याचा वेग ६४ पटींनी घटतो.

समुद्रातली जेलीफिश हे आधीपासून करतच होती. १९६१च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ जेलीफिशच्या कडा कापून त्यांचा अर्क काढत होते. त्यांनी एक अर्क मोरीत ओतला, तर मोरी निळी लखलखली. मत्स्यटाकीचं समुद्राचं पाणी त्याच मोरीत यायचं आणि त्यातल्या कॅल्शियमने हा उजेड पेटवला होता. त्या उन्हाळ्यात सुमारे १०,००० जेलीफिश खर्ची पडल्या. पण जिवंत जेलीफिश चमकते हिरवी! कारण निळा उजेड देणाऱ्या प्रथिनाची ऊर्जा शेजारचं हिरवं प्रथिन, जीएफपी, घेतं.

जीएफपीचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२मध्ये वेगळं केलं. या प्रथिनासाठी २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळालं, तेव्हा प्रॅशर अलाबामात एका मोटार विक्रेत्याकडे गाडी चालवत होते. हे वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते.

१९९९मध्ये जेलीफिशचीच रीत माणसाने उचलली. ज्यांची भेट तपासायची त्यांतल्या एका प्रथिनाला उजेड देणारं ल्युसिफरेज हे एन्झाइम आणि दुसऱ्याला पिवळं चमकणारं प्रथिन जोडलं. रंग निळ्याकडून पिवळ्याकडे झुकला, तर दोघं जवळ आली. बाहेरून लेझर मारावा लागत नाही, म्हणून लेझरने उठणारी पेशीची स्वतःची चमक आड येत नाही.

पुढे खोल समुद्रातल्या कोळंबीच्या ल्युसिफरेजवरून बेतलेल्या एन्झाइमचे दोन तुकडे करून प्रत्येक प्रथिनाला एकेक जोडू लागले. इथे कापराची उपमा चालत नाही, टिपरीचीच घ्यावी लागते. एकटा तुकडा जवळजवळ मुका, भिडले की उजेड. आणि सुटले की पुन्हा अंधार, त्यामुळे प्रथिनं कधी वेगळी झाली तेही दिसतं.