‘१९८४’ ही समाजवादविरोधी कादंबरी नव्हे

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी म्हणजे समाजवादावरचा हल्ला आणि व्यक्तिवादाचा जाहीरनामा होय, हा समज जून १९४९ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यापासूनच पसरला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेसाठी त्याच महिन्यात केलेल्या निवेदनात, ही कादंबरी समाजवादावर किंवा आपण ज्याचे समर्थक आहोत त्या ब्रिटिश मजूर पक्षावर हल्ला करण्यासाठी लिहिलेली नाही, असे ऑर्वेल यांनी स्वतः स्पष्ट केले होते.

समाजवादी नियोजन गुलामगिरीकडे नेते, असे मांडणारे अर्थतज्ज्ञ फ्रिडरिख हायेक यांच्या ‘द रोड टू सर्फडम’ या ग्रंथाचे १९४४ मध्ये परीक्षण करताना, सामूहिकतावाद (अर्थव्यवस्थेवर समाजाची किंवा राज्यसंस्थेची मालकी व नियंत्रण) स्वभावतःच लोकशाहीवादी असतो असे नाही, हे ऑर्वेल यांनी मान्य केले. परंतु मुक्त स्पर्धेतून सामान्य माणसावर येणारा जुलूम राज्यसंस्थेच्या जुलमापेक्षाही वाईट असण्याचा संभव आहे, असेही लिहिले.

माझ्या मते सर्वांत सबळ पुरावा कादंबरीतच आहे. कादंबरीचा नायक विन्स्टन वाचतो त्या निषिद्ध पुस्तकात, समाजवादी चळवळीचे प्रत्येक मूळ तत्त्व तिथला हुकूमशाही सत्ताधारी पक्ष समाजवादाच्याच नावाने नाकारतो, असे म्हटले आहे, आणि तो मजकूर पक्षानेच रचलेला असला तरी वर्णन म्हणून खरा आहे, हे विन्स्टनचा छळ करणारा पक्षाचा अधिकारी ओब्रायनही कबूल करतो. शिवाय विन्स्टनची आशा एकट्या बंडखोरावर नव्हे, तर लोकसंख्येच्या ८५ टक्के असलेल्या श्रमिकांवर आहे.