स्टार आणि स्लायडर: दुकानातल्या दोन कासवांची गल्लत

देवळात गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेलं असतं ते कासव. वेळासच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालून जातं ते कासव. गावाकडे पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत सोडतात तेही कासवच. इंग्रजीत जमिनीवरचं टॉर्टॉईज आणि पाण्यातलं टर्टल अशी फोड आहे. मराठीला तिची गरज कधी पडली नाही. पेट शॉप आली आणि पडली.

मागच्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरचा मुलगा बोलवायला आला, “काकू, चला ना, आमची कासवं बघायला.” बाल्कनीत निळा प्लास्टिकचा टब, वीतभर पाणी, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेलं बेट. बेटावर एक हिरवं पिल्लू निवांत ऊन खात बसलेलं. दुसरं पाण्यात. मान शक्य तितकी ताणून, नाकपुड्या कशाबशा पाण्यावर ठेवून चारही पाय मारत होतं. “हे सारखं पोहतं,” मुलगा कौतुकाने म्हणाला. ते पोहत नव्हतं, बुडत होतं. मी उचलून फरशीवर ठेवलं तर बराच वेळ हललंच नाही. त्याची आई म्हणाली, “अहो, पण दोन्ही कासवंच ना? एकाला दुसऱ्याची सोबत होईल म्हणून आणलं.”

हिरवं होतं ते स्लायडर, लाल कानाचं. बुडत होतं ते स्टार कासव, म्हणजे तारांकित. पहिलं दुकानाच्या काउंटरवरून पावती करून घेतलेलं, दुसरं त्याच दुकानातून, पण आतल्या खोलीतून, बुटाच्या खोक्यात घालून दिलेलं. खोकं आतून का आलं, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता.

ओळखायला दोन्ही सोपी आहेत. स्टारची पाठ उपड्या वाटीसारखी फुगीर असते. काळपट पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यातून पिवळ्या रेघा फुटतात, म्हणून चांदणी. वाळक्या गवतात ही नक्षी त्याला लपवते आणि शोकेसमध्ये हीच त्याचा घात करते. पाय हत्तीसारखे, खांबासारखे. बोटांमध्ये पडदा नाही. स्लायडर चपटं आणि हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा, बोटांना पडदे, नखं लांब. वयाबरोबर हिरवा रंग काळवंडतो आणि लाल पट्टाही कधीकधी पुसट होतो, तेव्हा शंका आली तर पाय बघावेत. स्टार गवत, पाला, फुलं, पडलेली फळं खातं. स्लायडरला मासे, किडे, गोगलगायी, पाणवनस्पती काहीही चालतं. (गंमत म्हणजे दोघांच्याही शास्त्रीय नावात ‘एलेगन्स’ आहे. नावं ठेवणाऱ्यांनाही दोन्ही देखणीच वाटली.)

कायद्याच्या नजरेत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. स्टार कासव इथलं आहे: गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकचा काही भाग, शिवाय श्रीलंका आणि पाकिस्तान. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. “आम्ही पकडलं नाही, पैसे देऊन घेतलं” ही सबब चालत नाही, “फार्मवरचं आहे” हीसुद्धा नाही. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात २०१९ मध्ये त्याचं नाव गेलं आणि परदेशी व्यापाराचं दारही बंद झालं. तरी उचलणं थांबलेलं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात ही कासवं जिथे गोळा केली जातात अशा एकाच परिसरातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं उचलली जात असल्याचा अंदाज दिला होता. ही कासवं प्रवास करतात ती पाय हलू नयेत म्हणून चिकटपट्टीने गुंडाळून, मोज्यांत भरून, बॅगांच्या तळाशी.

स्लायडर इथलं नाहीच. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. इथल्या प्राण्यांना कायद्याने जे कवच दिलं ते त्याला लागू नाही, म्हणून ते काउंटरवर उजेडात बसतं. ते इथवर आलं कसं, ही गोष्ट मला नेहमी आठवते. अमेरिकेत लहान मुलं ही पिल्लं हाताळत, तोंडात घालत आणि साल्मोनेला या जिवाणूने आजारी पडत. म्हणून १९७५ मध्ये तिथे चार इंचांहून, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरहून, लहान पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आली. पण कासवांचे फार्म बंद झाले नाहीत. घरात खपत नाहीत तर बाहेर पाठवा! १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून जास्त पिल्लं अमेरिकेबाहेर गेली. स्वतःच्या पोरांच्या हाती द्यायला नको असलेला माल जगभरच्या पोरांच्या हाती पोहोचला.

आपल्याकडे दुकानात विकलं जातं ते पिल्लू जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं. “एवढंच राहतं,” असं सांगतात. राहत नाही. मादी ताटाएवढी होते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. तोवर काचेची पेटी पुरत नाही, पाण्याला वास येतो, गच्चीतल्या टाकीत ठेवलं तर सोसायटीची नोटीस येते. ऊन आणि कॅल्शियम न मिळालेल्यांची पाठ आधीच मऊ पडलेली असते. मग एका संध्याकाळी पिशवी घेऊन कुणीतरी तळ्यावर जातं. आपल्याकडे त्याला पुण्यकर्माचीही जोड आहे, जीव मोकळा केल्याचं समाधान. देवळाच्या पुष्करणीत सोडलं तर दुप्पट.

ते तळं रिकामं नसतं. आपल्या पाण्यात मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असलेलं मऊ पाठीचं कासव आहे, काळं कासव आहे, भीमा-कृष्णा-गोदावरीत लीथचं मऊ पाठीचं कासव आहे. ऊन खायला दगड आणि ओंडके मोजकेच असतात. स्लायडर ते बळकावतं, खाण्यात वाटेकरी होतं, सोबत रोगही आणतं. जगातल्या शंभर सर्वांत घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. केरळात ते ओढ्या-कालव्यांत सापडू लागल्यावर त्रिशूरजवळच्या पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेला ती गोळा करण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

म्हणजे जे विकायला बंदी आहे ते कासव आपल्या जंगलाला हवं आहे, आणि जे बिनदिक्कत विकतात ते आपल्या तळ्याला नको आहे. पेट शॉपमध्ये जिवंत प्राणी विकावेत का, या वादात बहुतेक वेळ स्टारवर जातो. माझ्या मते तो प्रश्न निकालात निघालेला आहे. उरलेलं काम अंमलबजावणीचं. खरा वाद स्लायडरचा आहे. २०१८च्या पेट शॉप नियमांनी दुकानाची नोंदणी, जागा, दप्तर यांच्या अटी घातल्या आणि त्या हव्याच होत्या. पण नोंदणी केलेल्या, चकचकीत पेटीत ठेवलेल्या स्लायडरचंही पाच वर्षांनी काय होणार, हे त्या नियमांत बसत नाही.

दुकानदार म्हणतात, बंदी घातली की धंदा चोरून होतो, स्टारचंच बघा. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण स्टारला गिऱ्हाईक शोधत येतं. वास्तूत भरभराट होते म्हणून, दुर्मिळ आहे म्हणून. स्लायडर शोधत कुणी येत नाही. माशांचं खाद्य घ्यायला आलेल्या मुलाला ते काउंटरवर दिसतं, तो हट्ट धरतो, आणि किंमत एवढी कमी की आई-बाप विचार करत नाहीत. काउंटरवरून हटवलं तर ही खरेदी दुसरीकडे जाणार नाही, होणारच नाही. जपानने १ जून २०२३ पासून हाच मधला मार्ग धरला: विक्री बंद, बाहेर सोडणं गुन्हा, पण घरात आधीपासून असलेलं कासव परवान्याशिवाय ठेवायला मोकळीक. घरात ठेवणंही गुन्हा केलं असतं तर लोकांनी रातोरात नदी गाठली असती. आपल्याकडेही वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने उपऱ्या प्रजातींच्या व्यापारावर बंधनं घालण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे.

खालच्या मजल्यावर त्या दिवशी दोन वेगळी उत्तरं द्यावी लागली. स्टारसाठी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. आईला आधी धास्ती वाटली, “आमच्यावर केस होईल का?” मी म्हटलं, स्वतःहून देणं हे लपवून ठेवण्यापेक्षा कधीही बरं. माणसं आली, कोरड्या टोपलीत घालून घेऊन गेली. स्लायडरला मात्र कुणी नेणार नव्हतं आणि तळ्यात सोडायचं नव्हतं. ते राहिलं. आता त्याला मोठा टब आहे, बसायला खरा दगड आहे, सकाळचं ऊन मिळतं. मुलगा सातवीत आहे. मी हिशेब करून सांगितला तेव्हा त्याची आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे याच्या लग्नातही हे असणार.”