विमानतळ सुधारणा कार्यक्रम (अमेरिका)

अमेरिकेतील सार्वजनिक वापराच्या विमानतळांच्या बांधकामासाठी आणि सुरक्षिततेच्या कामांसाठी केंद्र सरकारकडून मिळणारी अनुदान योजना. तिचे लघुनाम एआयपी. १९८२ च्या कायद्याने ती सुरू झाली. १९४६ पासून चालत आलेल्या विमानतळ साहाय्याच्या योजनांची ती वारस आहे. कारभार फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन (एफएए) पाहते. तिकडे बहुसंख्य विमानतळ शहराच्या, काउंटीच्या किंवा त्यांनी मिळून नेमलेल्या प्राधिकरणाच्या मालकीचे असतात, म्हणून अर्जदारही तेच. महाराष्ट्रातील वाचकाला नगरपालिकेने विमानतळ चालवणे नवखे वाटेल. अमेरिकेत मात्र काही हजार वस्तीचे गावही आपली धावपट्टी सांभाळते, आणि तिच्यावर शेतीची फवारणी करणारी विमाने, हवाई रुग्णवाहिका आणि शिकाऊ वैमानिक अवलंबून असतात.

पैसा विमानतळ व हवाईमार्ग न्यास निधीतून येतो. १९७० साली स्थापन झालेला हा निधी देशांतर्गत तिकिटावरील ७.५ टक्के कर, मालवाहतुकीवरील ६.२५ टक्के कर आणि इंधनकर यांतून भरतो. अनेक वर्षे वार्षिक तरतूद ३.३५ अब्ज डॉलर होती. मे २०२४ च्या कायद्याने तिची मर्यादा ४ अब्जांवर नेली. याशिवाय नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच वर्षांसाठी विमानतळांच्या कामांना १५ अब्ज आणि टर्मिनल इमारतींना ५ अब्ज डॉलर वेगळे दिले.

राष्ट्रीय विमानतळ आराखड्यात नाव असलेल्या विमानतळालाच अनुदान मिळते. अशा विमानतळांची संख्या सुमारे ३,३०० आहे. मोठ्या विमानतळांना खर्चाच्या ७५ टक्के, तर लहानांना साधारणपणे ९० टक्के मिळतात. २०२५ व २०२६ या आर्थिक वर्षांसाठी लहानांचा वाटा ९५ टक्के करण्यात आला. उरलेला स्वहिस्सा पालिकेचा. बऱ्याच राज्यांत त्यातला काही भार राज्य उचलते.

नियमित प्रवासी सेवा नसलेल्या लहान विमानतळाला वर्षाला जास्तीत जास्त १,५०,००० डॉलर हक्काने मिळतात. न वापरलेली रक्कम पुढे नेता येते, पण चालू वर्ष धरून चारच वर्षे. त्यानंतर ती हातची जाते. म्हणजे चार वर्षे साठवले तर ६ लाख, आणि ९० टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६ लाख ६७ हजारांचे काम. एवढ्यात भेगा भरणे, पट्टे रंगवणे, दिवे बदलणे होते. ५,००० फूट लांब आणि ७५ फूट रुंद धावपट्टीचे क्षेत्रफळ ३ लाख ७५ हजार चौरस फूट भरते. तिची पुनर्बांधणी हक्काच्या पैशात बसत नाही. त्यासाठी याच योजनेत त्या राज्याच्या नावे ठेवलेल्या वाट्यातून किंवा एफएए स्वतःच्या निर्णयाने वाटते त्या ऐच्छिक निधीतून मागावे लागते, आणि तिथे इतर विमानतळांशी स्पर्धा असते. प्राधान्य ठरवणाऱ्या गुणांकनात सुरक्षिततेची कामे वर लागतात. नव्या गाडीतळाला तिथे आशा नसते.

काम अर्जाच्या बऱ्याच आधी सुरू होते. ते प्रथम विमानतळाच्या मंजूर नकाशावर आणि पाच वर्षांच्या भांडवली आराखड्यात दिसले पाहिजे. मग पर्यावरण तपासणी येते. साध्या कामाला सूट मिळते, पण पाणथळ जागा किंवा नवी जमीन आली की वर्ष-दोन वर्षे जातात. सल्लागार अभियंत्याची निवड पात्रतेवर करायची असते. फी हा निवडीचा निकष ठेवला तर ती निवड अनुदानाला चालत नाही. फीची बोलणी निवडीनंतर. पुढे आराखडे आणि जाहीर निविदा. अनुदानाची रक्कम सहसा अंदाजपत्रकावर ठरत नाही, उघडलेल्या निविदेवर ठरते. एफएएने पाठवलेला अनुदानाचा प्रस्ताव पालिकेने मुदतीत सही करून परत दिल्यावरच ठेकेदाराला कार्यादेश द्यायचा. अनुदानाआधी सुरू केलेले बांधकाम सहसा अनुदानास पात्र ठरत नाही, आणि नवख्या पालिकांना सर्वांत महाग पडणारी चूक हीच. काम वाढले तर बांधकामाचे अनुदान जास्तीत जास्त १५ टक्क्यांनी वाढवता येते. नियोजनाचे वाढत नाही.

सुरक्षिततेच्या कामांत पहिले स्थान धावपट्टीभोवतीच्या मोकळ्या, सपाट पट्ट्याचे. मोठ्या प्रवासी विमानांसाठी तो ५०० फूट रुंद आणि टोकापलीकडे १,००० फूट असावा लागतो. शहरात एवढी जागा नसेल तिथे चाके रुतून विमान थांबेल असा ठिसूळ थर बसवतात. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फात घसरलेले विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि मोटारीतील एक मूल दगावले. त्यानंतर तिथे हा थर बसला.

लहान विमानतळाचे दुखणे बहुधा झाडे असतात. उतरण्याच्या मार्गात २० फुटांमागे एक फूट चढणाऱ्या काल्पनिक पृष्ठभागाच्या वर फांद्या गेल्या की रात्री उपकरणांच्या आधारे उतरणे बंद होऊ शकते, म्हणजे हवाई रुग्णवाहिकेला नेमक्या गरजेच्या वेळी अडचण. पहिली छाटणी अनुदानातून होते; नंतर मार्ग मोकळा ठेवणे मालकाचे काम. म्हणून शेजारच्या जमिनीवर छाटणीचा कायम हक्क विकत घेतल्याशिवाय नुसती झाडे तोडणे म्हणजे काही वर्षांनी तोच खर्च पुन्हा. कुंपणाचेही तसेच. हरणे अडवायची तर जाळी १० ते १२ फूट उंच, वर काटेरी तारेचे तीन पदर आणि खाली तिरपी पुरलेली ४ फुटांची जाळी हवी. खालची जाळी वगळली तर प्राणी उकरून आत येतात.

डांबरी पृष्ठभागाची स्थिती ० ते १०० अंकांत मोजतात. साधारणपणे ७० च्या खाली दुरुस्ती, ५५ च्या खाली पुनर्बांधणी पात्र समजली जाते. मात्र अनुदानातून पृष्ठभाग करणाऱ्याने देखभालीचा लेखी कार्यक्रम चालवून नोंदी ठेवायच्या असतात. पगार, वीज, गवत कापणे यांना एक डॉलरही मिळत नाही. वेळेवर भेगा न भरल्याने पाणी पट्टीच्या पायाच्या थरात उतरते, थंडीत गोठून फुगते, आणि वीस वर्षांसाठी बांधलेली पट्टी निम्म्या काळात खचते. स्वहिस्सा जेमतेम जमवणाऱ्या गावाने देखभालीची सोय आधी पाहावी.

अनुदान घेताना मालकाला सुमारे चाळीस हमी द्याव्या लागतात. विमानतळ सर्वांना समान अटींवर खुला ठेवणे, कोणालाही मक्तेदारी न देणे, विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्चणे या त्यांतल्या मुख्य. बांधकामाच्या हमी सहसा वीस वर्षे टिकतात; अनुदानातून घेतलेल्या जमिनीच्या हमींना मुदत नाही, आणि मक्तेदारी व उत्पन्नाचे नियमही विमानतळ असेपर्यंत लागू राहतात. भाड्याचे पैसे पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात वळवणे हा नेहमीचा भंग. मार्च २००३ मध्ये शिकागो शहराने मेग्ज फील्ड या आपल्या विमानतळाची धावपट्टी मध्यरात्री खोदून टाकली. ३० दिवसांची पूर्वसूचना न दिल्याबद्दल ३३,००० डॉलर दंड झाला, आणि विमानतळाच्या पैशातून पाडकामाला वळवलेले १० लाख डॉलर शहराला परत भरावे लागले.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाचे प्रकरण अधिक बोलके आहे. शहराच्या मते १९९४ च्या अनुदानाने आलेले विमानतळ चालू ठेवण्याचे बंधन वीस वर्षांनी, २०१४ मध्ये संपले. एफएएचे म्हणणे, २००३ मध्ये त्याच अनुदानात सुमारे २ लाख ४० हजार डॉलरची भर घेतली, तेव्हा बंधन २०२३ पर्यंत लांबले. जानेवारी २०१७ च्या तडजोडीने धावपट्टी ३,५०० फुटांवर आणण्याची मुभा शहराला लगेच मिळाली. विमानतळ मात्र ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवावा लागणार आहे.