बीपी 120/80, मग फुफ्फुसाचं प्रेशर कसं वाढलं?

आमच्या मावशीला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार. फ्रीजमधली दुधाची पिशवी हातात घेतली तरी बोटं पांढरीफटक, मग निळी. हल्ली जिना चढताना दम लागतो म्हणून डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला तर घरात सगळ्यांचं एकच, "अगं पण बीपी तर 120/80 आहे!"

गोची इथेच आहे. दंडाला पट्टा बांधून कळतं ते हृदयाच्या डाव्या बाजूचं. उजवी बाजू रक्त फुफ्फुसात ढकलते, तिथलं सरासरी प्रेशर जेमतेम 14, आणि 20 च्या वर गेलं की पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसाचं वाढलेलं प्रेशर (2022 च्या युरोपियन गाइडलाइनआधी 25 होतं). स्क्लेरोडर्मात फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होत जातात, दहातल्या साधारण एकाला हे होतं, म्हणून तपासणी दरवर्षी.

आता इको. मला यातलं भौतिकशास्त्र भयंकर आवडतं. उजव्या बाजूची झडप बहुतेकांची थोडी गळतेच, आणि पिचकारी जितकी जोरात दाबाल तितकी धार वेगात, तसं आतलं प्रेशर जास्त तर गळणाऱ्या रक्ताचा वेग जास्त. इकोतलं डॉप्लर तंत्र तो वेग मोजतं, मग सूत्र: वेगाचा वर्ग गुणिले 4. हा 4 कुठून आला? शाळेतला बर्नोली! अर्धा गुणिले घनता (रक्ताची 1060) गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर पास्कलमध्ये, त्याला 133 ने भागलं की पाऱ्याचे मिलिमीटर, म्हणजे 530 भागिले 133, झाले 4. वेग सेकंदाला 3 मीटर आला तर 36, त्यात हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातलं प्रेशर मिळवायचं (हे ठोक्याच्या वेळचं वरचं प्रेशर, आधीचे 14 आणि 20 सरासरीचे). पण वर्ग आहे ना, 2.8 ऐवजी 3.2 मोजला गेला तर 31 चे थेट 41! आणि झडप गळतच नसेल तर मोजणार काय, त्याचा अर्थ सगळं नॉर्मल असा नाही.

म्हणून जोडीला रक्तातलं एनटी-प्रो-बीएनपी (हृदयावर ताण आला की हे वाढतं) आणि डीएलसीओ ही श्वासाची तपासणी. कोरोनात "दहा सेकंद श्वास धरा, फुफ्फुस ठणठणीत" असे फॉरवर्ड फिरायचे, ती निव्वळ फेकाफेक. डीएलसीओतही दहा सेकंदच श्वास धरायचा असतो, पण हवेत किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळून त्यातला किती रक्तात गेला ते मशीन मोजतं.

शेवटचा निकाल मात्र कॅथेटरचाच, मानेच्या नाहीतर जांघेच्या शिरेतून नळी थेट हृदयात. 1929 मध्ये फोर्समन या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हातातून अशी नळी घातली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला! आज त्याच नळीने दोष फुफ्फुसाच्या वाहिन्यांचा की हृदयाच्या डाव्या बाजूचा हेही कळतं, औषध त्यावरच ठरतं.

मावशीचा वेग 3.1 आलाय, डीएलसीओही कमी. मंगळवारी कॅथेटर आहे.